साधा की वजनाचा? मस्कीसाठी लाकडी जर्कबेट निवडताना

मस्की हा उत्तर अमेरिकेतल्या गोड्या पाण्यातला मोठा शिकारी मासा. त्याच्यासाठी सुइकच्या घाटाचा नऊ इंची लाकडी जर्कबेट, म्हणजे ओढ देऊन खेळवायचं खोटं आमिष, घ्यायला गेलं की दुकानात दोन भाऊ शेजारी शेजारी टांगलेले दिसतात. लांबी तीच, नाकाचा उतार तोच, मागची पत्र्याची शेपटीही तीच. एक नुसता लाकडाचा. दुसऱ्याच्या पोटात कारखान्यातच शिसं बसवलेलं. इथून पुढे पहिल्याला ‘साधा’ म्हणतो आणि दुसऱ्याला ‘वजनाचा’. किमतीत फारसा फरक नसतो, त्यामुळे निवड खिशाकडे बघून होत नाही, पाण्यातल्या वागण्याकडे बघून करावी लागते.

विस्कॉन्सिनमधल्या अँटिगोच्या फ्रँक सुइक यांनी १९३०च्या दशकात आणलेला हा घाट आजही फारसा बदललेला नाही, आणि त्याच्या वळणावर निघालेले इतर लाकडी ल्युअरही (खोटी आमिषं) बरेच आहेत. खाली लिहिलेलं या सगळ्या कुळाला लागू पडावं. तुम्ही मस्कीमागे निदान एक हंगाम घालवलाय, ८० ते १०० पौंडी ब्रेडेड लाइन आणि ताठ रॉड तुमच्याकडे आहे, आणि लांब पक्कड, गळ तोडायचं कटर व खोल जाळं घेतल्याशिवाय तुम्ही होडीत चढत नाही, एवढं गृहीत धरलं आहे. मिनीॲपोलिसकडून मिनेटोंका किंवा व्हाइट बेअर लेकवर, मिलवॉकीकडून प्युवॉकीवर, शिकागोकडून फॉक्स चेनवर जाणाऱ्या कुणालाही हा प्रश्न कधी ना कधी पडतोच.

थांबल्यावर दिसणारा फरक

ओढ दिली की दोघेही नाक खाली घालून बुडी मारतात. ओढ थांबली की वाटा वेगळ्या होतात. साधा लगेच वर निघतो. तीन फुटांवरून दोन-तीन सेकंदांत त्याची पाठ पाण्याबाहेर दिसते. वजनाचा खालीच रेंगाळतो आणि सावकाश वर येऊ लागतो. तो अजून खाली असतानाच पुढची ओढ बसते, त्यामुळे दर ओढीला तो आणखी थोडा खाली उतरत जातो. साधा मात्र दर वेळी वरून सुरुवात करतो आणि साधारण दोन ते चार फुटांच्या पट्ट्यातच खेळतो.

मस्की बरेचदा थांबल्यावर किंवा ल्युअर वर येत असताना घेते. या हिशेबाने वजनाचा सरस ठरायला हवा, आणि थंड पाण्यात तो सरस ठरतोही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात, पाणी १० अंश सेल्सिअसच्या खाली गेल्यावर, गवत बसलेलं असतं, मासा आळसावलेला असतो आणि खडकाळ उंचवट्याच्या कडेला पाच-सहा फुटांवर जास्त वेळ तरंगत राहणारी वस्तू त्याला हवी असते. तिथे साधा फार घाई करतो. यात माझं दुमत नाही.

जून ते सप्टेंबर चित्र उलटं असतं. कॅबेज, म्हणजे ते रुंद पानांचं पाणगवत, पृष्ठभागाखाली दोन-तीन फुटांवर माजलेलं असतं आणि मासा त्याच्या डोक्यावर किंवा कडेला दबा धरून बसलेला असतो. साधा पानाला टेकला आणि तुम्ही ओढ सोडलीत, की तो मागे सरकत आपोआप वर सुटतो. वजनाचा पानावर बसून राहतो आणि पुढच्या ओढीला पान घेऊनच निघतो. शेपटीच्या पत्र्याला एक देठ अडकला तरी बुडी वाकडी जाते आणि ती फेक वाया गेली म्हणून समजा.

एवढ्यावर निवड करायची तर उत्तर सोपं होतं: उन्हाळ्याला साधा, थंडीला वजनाचा. मीही तसंच मानत होतो. माझं मत बदलायला कारण ठरली ती वजनाच्याची एक खोड.

दुपारनंतर जड होणारा ल्युअर

सकाळी नीट जुळवलेला वजनाचा जर्कबेट दुपारी दोनच्या सुमारास वेगळाच वागू लागतो. सकाळी सहा सेकंदांत वर येणारा आता नऊ-दहा सेकंद घेतो, किंवा पाण्यात मध्येच लोंबकळतो, किंवा शेपटी खाली टाकून हळूहळू बुडायला लागतो. मच्छीमार ओढीची लय बदलून बघतो, शेपटी वाकवून बघतो, लीडर (लाइन आणि ल्युअर यांच्यामधला मजबूत तुकडा) बदलतो. दोष यातल्या कशातच नसतो. लाकूड पाणी प्यालेलं असतं.

हे साध्याच्या बाबतीतही होतं, पण जाणवत नाही. का, ते आकड्यांत बघू. गळ आणि लीडर लावलेला ल्युअर पूर्ण बुडवून धरला तर तो काही जोराने वर ढकलतो. तो जोर ग्रॅममध्ये मोजता येतो. त्याला आपण ‘शिल्लक’ म्हणू. मोजायची रीत साधी आहे. बादली भरा, मधल्या गळाच्या कडीला शिशाची वजनं एकेक करून टांगा, आणि ल्युअर वरही येत नाही आणि खालीही जात नाही अशी स्थिती आली की शिसं काट्यावर ठेवा. आलेल्या आकड्याला ०.९१ने गुणा, कारण शिसं स्वतःही थोडं पाणी बाजूला सारतं. २२ ग्रॅम शिसं लागलं असेल तर शिल्लक २० ग्रॅम.

आता समजा साध्याची शिल्लक २० ग्रॅम आहे आणि वजनाच्याची ५. दोघेही दिवसभरात ३ ग्रॅम पाणी प्याले. साध्याचे राहिले १७, वजनाच्याचे २. वर येण्याचा वेग शिल्लकीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे तीन सेकंदांत वर येणारा साधा सव्वातीन सेकंद घेईल. होडीतून बघणाऱ्याला तो फरक कळणारही नाही. सहा सेकंदांत येणारा वजनाचा साडेनऊ सेकंदांवर जाईल. पाणी दोघांनी सारखंच प्यायलं, पण वजनाच्याकडे ते पचवायला जागाच नव्हती.

थंड पाण्यात ल्युअर जड होतो असं बरेचदा ऐकू येतं. उलट आहे. पाणी २५ अंशांवरून ५ अंशांवर आलं की त्याची घनता सुमारे ०.३ टक्क्याने वाढते. १०० घनसेंटीमीटरच्या ल्युअरला त्यातून ०.३ ग्रॅम जास्त शिल्लक मिळते. म्हणजे शरद ऋतूत ल्युअर लोंबकळत असेल तर थंडीला दोष देऊ नका. हंगामभर मुरलेलं पाणी शोधा.

पाणी शिरतं कुठून? ल्युअर हातात घ्या आणि उजेडात पोटाकडची बाजू तिरकी धरा. प्रत्येक गळाच्या दोन्ही अंगांना अर्धचंद्रासारखी बारीक चरी दिसेल. गळ कडीत झुलताना त्याचं टोक दर फेकीला त्याच रेषेवर घासतं. आधी वरचं पारदर्शक लुकण जातं, मग रंग, मग पांढरा प्रायमर दिसतो आणि शेवटी पिवळसर लाकूड. तिथे नख फिरवलं तर कड लागते. दुसरी जागा स्क्रू-आयच्या (लाकडात पिळून बसवलेल्या, गळ अडकवायच्या कडीच्या) बुडाशी आणि तिसरी, सगळ्यात वाईट, शेपटीचा पत्रा जिथे बसतो तिथे. तिथे लाकडाच्या नळ्यांची तोंडं उघडी असतात, आणि नळ्यांच्या तोंडातून लाकूड आडव्या अंगापेक्षा कितीतरी वेगाने पाणी ओढतं. पावसाळ्यात फुगून चौकटीत अडकणारं दार आठवा. लाकूड रुंदीत फुगतं, लांबीत जवळपास नाही. म्हणून ल्युअरवरचे तडेही नेहमी लांबीच्या दिशेने, स्क्रू-आयपासून निघालेले दिसतात.

सगळीकडे इपॉक्सी लावून तोंडं बंद करता येतात, ती करावीतच. पण गळ घासायचे थांबत नाहीत. नवी चरी पडायला फार दिवस लागत नाहीत आणि ती पडली की वजनाचा पुन्हा दुपारी जड. सकाळ-संध्याकाळ वेगळा वागणारा ल्युअर हाती असला की माशाने का घेतलं नाही याचा अंदाजच बांधता येत नाही. मला हेच खटकलं आणि माझ्यापुरता निकाल तिथेच लागला.

यातच दुसरी एक गोष्ट मिसळलेली आहे. लाकूड एकसारखं नसतं. १०० घनसेंटीमीटरच्या शरीरात एका तुकड्याची घनता ०.४५ आणि दुसऱ्याची ०.५० असली तर ५ ग्रॅमचा फरक झाला, म्हणजे वजनाच्याची सगळीच्या सगळी शिल्लक. एकाच खोक्यातले दोन वजनाचे ल्युअर, एक सुरेख आणि दुसरा दगड, असे निघतात ते यामुळे. आणि जास्तीचं शिसं काढणं भलतं अवघड. ड्रिलचा बिट शिशात रुततो, मऊ लाकडाकडे सरकतो आणि भोक लांबट होतं. मधला गळ काढून टाकणं हा त्यातल्या त्यात बरा उपाय; त्याने काही ग्रॅम लगेच सुटतात आणि मासा सोडतानाही एक गळ कमी सांभाळावा लागतो. पण त्या गळाने तोल धरलेला असेल तर तो बिघडतो.

साध्याचाही त्रास आहे

न्यायाने बोलायचं तर साधा गुणी बाळ नाही. वाऱ्यात तो फेकायला वाईट. हलका आणि रुंद असल्यामुळे हवेत गटांगळ्या खातो, आणि समोरून वारा असेल तर दहा-पंधरा फूट अलीकडेच पडतो. ओढायलाही जरा जास्त जोर लागतो, कारण प्रत्येक बुडीला त्याचा वर यायचा हट्ट मोडावा लागतो.

मोठा त्रास लीडरचा. साधा झपकन वर येतो, तेवढ्यात लाइन सैल पडते आणि पुढच्या झटक्याला पुढचा गळ लीडरमध्ये अडकतो. मग ल्युअर आडवा होऊन फरफटत येतो. मऊ फ्लुरोकार्बन लीडरवर हे जास्त होतं. या जातीच्या ल्युअरला एकेरी, ताठ स्टेनलेस तारेचा दहा ते बारा इंची लीडर लावा. ल्युअरकडच्या टोकाला नुसता स्नॅप (उघडझाप करायची कडी), स्विव्हल (फिरती कडी) फक्त लाइनकडच्या टोकाला. ताठ तार ल्युअरच्या नाकापुढे काठीसारखी सरळ उभी राहते आणि गळाला तिच्याकडे वळायला जागा मिळत नाही. शिवाय झटका देऊ नका, ओढ द्या: रॉडचं टोक पाण्याकडे खाली ठेवून एक ते दोन फूट सलग ओढ, मग टोक परत नेताना रीलचा अर्धा-पाऊण फेरा. लाइन ताणायची नाही, फक्त तिचा झोळ पडू द्यायचा नाही. मासा घेतो तेव्हा हाताला बरेचदा काहीच लागत नाही. लाइन बाजूला सरकते, किंवा वर यायला हवा तो ल्युअर येतच नाही. दोन्ही वेळा गळ खेचा.

म्हणजे साध्याचे त्रास तार बदलून, हात बदलून होडीतच सुटतात. वजनाच्याचा त्रास सुटायला ल्युअर घरी नेऊन आठवडाभर सुकवावा लागतो. माझं माप जरा साध्याकडे झुकतं ते याच कारणाने. तुमचा अनुभव वेगळा असू शकतो, विशेषतः तुम्ही फक्त थंडीत जात असाल तर.

साध्याला स्वतः वजन देणं

साधा घेण्याचा खरा फायदा असा की हवं तेवढं वजन हवं तेव्हा देता येतं आणि काढताही येतं. पहिलं काम म्हणजे ल्युअर दोन तास पाण्यात भिजवून मग शिल्लक मोजणं. कोरड्यावर मोजलेला आकडा पहिल्याच दुपारी खोटा ठरतो. मोजताना जे गळ वापरणार तेच लावा, आणि लीडरही लावा. ताठ तार, स्नॅप आणि स्विव्हल मिळून नाकाला चांगलंच खाली ओढतात. लीडर न लावता जुळवलेला ल्युअर तळ्यावर नाक खुपसून उभा राहतो.

तात्पुरत्या वजनाला तीन वाटा आहेत. पहिली, पुढच्या गळाच्या दांड्याला शिशाची तार गुंडाळायची, दोन-तीन ग्रॅम, आणि वरून हीट श्रिंक नळी चढवून गरम करायची. गळ थोडा कमी झुलतो, त्यामुळे चरीही कमी पडते. दुसरी, गोल्फच्या काठीला लावतात ती चिकट शिशाची पट्टी पोटाला लावायची. आधी स्पिरिटने तेलकटपणा पुसा, नाहीतर पहिल्या कॅबेजातच ती सुटते. तिसरी, पुढच्या कडीत स्प्लिट रिंगने छोटं वजन अडकवायचं. चिमटून बसवायचे छोटे शिशाचे मणी मात्र मी टाळतो. ते गळून पडतात, आणि तळ्याच्या तळाशी पडलेलं बारीक शिसं लून पक्षी खड्यासोबत गिळतात व विषबाधेने मरतात. मिनेसोटाचा हा राज्यपक्षी आहे. पहाटे त्याची हाक ऐकत मासे धरायचे आणि खाली त्याच्यासाठी शिसं टाकून यायचं, हे मनाला पटत नाही. हार्डवेअरच्या दुकानातलं सोल्डर वापरणार असाल तर वेष्टन वाचा. आजकाल ते बरेचदा बिनशिशाचं, मुख्यतः कथलाचं असतं. कथील शिशापेक्षा बरंच हलकं, म्हणून गुंडाळीही जाड होते.

वजन कुठे ठेवायचं हे किती ठेवायचं यापेक्षा जास्त महत्त्वाचं आहे. पहिल्या आणि दुसऱ्या गळाच्या मधोमध सुरुवात करा. बाथटबमध्ये ल्युअर हाताने एक फूट खाली नेऊन सोडा आणि बाजूने बघा. आडवा वर येत असेल किंवा नाक किंचित खाली असेल तर जागा बरोबर. पुढच्या ओढीला तो लगेच बुडी घेईल. शेपटी खाली टाकून येत असेल तर पुढची ओढ त्याला वर घेऊन जाईल आणि तो पृष्ठभागावर फटकन उडेल. तेव्हा वजन अर्धा इंच पुढे सरकवा आणि पुन्हा सोडा. नाक फार खाली असेल तर अर्धा इंच मागे. दोन-तीन वेळा हलवलं की जागा सापडते. उन्हाळ्याला मी वजन देतच नाही. सप्टेंबरअखेर शिल्लक साधारण १० ते १२ ग्रॅमवर आणतो आणि तिथेच थांबतो. त्याखाली गेलं की पुन्हा तीच दुपारची कटकट.

तात्पुरतं वजन दोन-तीन फेऱ्यांत मनासारखं बसलं आणि कायमचं आत घालायचं असेल तर भोक पाडा. पण आत जाणारं शिसं बाहेरच्यापेक्षा सुमारे पाच टक्के कमी घ्या. बाहेर टांगलेलं शिसं थोडं पाणी सारतं. आत गेलेलं पाणी सारत नाही, फक्त तेवढं लाकूड हटवतं. बाहेर १० ग्रॅमने जमलं असेल तर आत साडेनऊ. भरायची इपॉक्सीही लाकडापेक्षा जड, म्हणून मी आणखी अर्धा ग्रॅम कमीच धरतो. राहिलं तर बाहेरून वाढवता येतं.

तीन-अष्टमांश इंची बिट घ्या. १० ग्रॅम शिशाला त्या भोकात निव्वळ साडेबारा मिलिमीटर खोली पुरते, पण तारेच्या गुंडाळीत पोकळ्या राहतात आणि वर बूच लागतं, म्हणून १८ मिलिमीटर धरा. बिटवर चिकटपट्टीची खूण करा, नाहीतर पाठीतून टोक बाहेर येतं. शरीर बारीक असेल तर एकाऐवजी दोन उथळ भोकं. कुठल्याही स्क्रू-आयपासून निदान अर्धा इंच दूर राहा, कारण त्या लाकडावरच माशाचा सगळा जोर येणार आहे. भोकाच्या भिंतींना आधी पातळ इपॉक्सी फिरवा आणि सुकू द्या, मग शिसं बसवा, मग तीस मिनिटांत धरणाऱ्या इपॉक्सीने भरा. पाच मिनिटांची बुडबुडे बाहेर पडायच्या आतच घट्ट होते. वितळलेलं शिसं लाकडात ओतू नका. लाकडातल्या ओलाव्याची वाफ होते आणि शिसं तोंडावर उडतं. शिसं हाताळल्यावर हात साबणाने धुतल्याशिवाय डबा उघडू नका, आणि हे काम स्वयंपाकाच्या ओट्यावर नको.

याच बैठकीत स्क्रू-आय एकेक करून काढा, भोकात टूथपिकने इपॉक्सी सोडा आणि परत फिरवून बसवा. शेपटीचा पत्राही स्क्रू सोडवून काढा, खालचं लाकूड काचपेपरने साफ करा, दोन हात इपॉक्सी द्या आणि पत्रा परत लावा. एवढं एक काम केलं तरी पाणी पिणं बरंच कमी होतं.

शेपटीबद्दल थोडं

शेपटी आणि वजन यांची कामं वेगळी आहेत आणि त्यांची गल्लत केली की ल्युअर बिघडतो. शेपटीचा परिणाम ओढताना होतो, वजनाचा थांबल्यावर. बुडी उथळ जाते म्हणून शिसं वाढवू नका. शेपटी खाली वाकवा. खाली वाकलेल्या पत्र्यावर पाणी आपटून मागची बाजू वर उचलते आणि नाक खाली जातं. वर वाकवली तर उलट, ल्युअर उथळ धावतो. एका वेळी पाच अंशांच्या आसपास, रुंद जबड्याच्या पकडीने, पत्र्याची सगळी रुंदी एकदम धरून. एकच कोपरा दबला तर ल्युअर ओढीला एका अंगावर कलतो. काहींना तो डोल आवडतो, पण तो हवा म्हणून आणा, चुकून नको. वाकवण्याआधी शेपटीची कड पुठ्ठ्यावर ठेवून पेन्सिलीने रेघ मारा म्हणजे मूळ जागेवर परत येता येईल. पत्रा त्याच ठिकाणी पुन्हा पुन्हा वाकवला की कडक होऊन तडकतो, आणि तो तडकतो ते बहुधा मासा लागलेला असताना. वजनाच्याला शेपटी जपून वाकवा. त्याची बुडी लवकर उभी होते आणि तो गवतात रोवला जातो.

दुकानात

वजनाचाच घ्यायचा ठरला असेल तर खिशात छोटा डिजिटल काटा न्या. एकाच मापाचे, एकाच रंगाचे तीन-चार वजनाचे ल्युअर ठेवून बघा आणि सगळ्यात हलका उचला. शिसं सारखंच असेल तर हलक्याचं लाकूड हलकं, म्हणजे शिल्लक जास्त. साधा घेताना इतकं बघायची गरज नाही, फक्त नाकावर आणि शेपटीखाली रंग नीट झाकलेला आहे ना ते तपासा. पहिलाच घेत असाल तर साधा घ्या. दोन घेत असाल तर दोन्ही साधे घ्या आणि एकाला सप्टेंबरात वजन द्या. वर्षातून एकदाच, थंडीच्या सहलीला जाणार असाल आणि ड्रिल हातात धरायची इच्छा नसेल, तर वजनाचा खुशाल घ्या. नवा, चरी न पडलेला ल्युअर दोन दिवसांत एवढं पाणी पिणार नाही.

जो घ्याल त्याच्या पोटावर न पुसणाऱ्या पेनाने दोन आकडे लिहून ठेवा: गळ काढून कोरडं वजन, आणि भिजवल्यावरची शिल्लक. हंगाम संपला की गळ काढा, चरी काचपेपरने घासा, पण लगेच इपॉक्सी लावू नका. आत राहिलेला ओलावा कोंडला तर तो लाकूड फुगवून रंग उचकटतो. ल्युअर हीटरपासून दूर, सावलीत दोरीला टांगा. दोन आठवड्यांनी काट्यावर ठेवा आणि पोटावरच्या पहिल्या आकड्याशी ताडून बघा. एक ग्रॅमपेक्षा जास्त फरक दिसला तर पाणी अजून आत आहे, आणखी एक आठवडा टांगलेला राहू द्या.